तांडेलाची मूठ

सत्त्याऐंशी साली ऐन शिमग्यात हर्णेच्या आत्माराम तांडेलाच्या अंगावरून वारं गेलं. जीभ लवकरच ताळ्यावर आली, म्हणजे पहिल्यासारखी शिव्या देऊ लागली. पायही घासत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. आत्मारामाला घोर होता नारळी पौर्णिमेचा. वाडीतर्फे दर्याला नारळ द्यायचा मान त्याचा, आणि डाव्या हाताने तो देत नाहीत. यंदा जमलं नाही तर मान धाकट्या भावाकडे, शिवाकडे जाणार होता.

दापोलीच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. बायकोने, मथुराने, होडीची जुनी कप्पी पडवीच्या वाशाला टांगली. दोराचं एक टोक लुळ्या हाताला, दुसरं धडक्या हातात. जन्मभर शीड चढवलेला गडी आता स्वतःचाच हात चढवत बसे. चेंडू दाबायलाही त्याची ना नव्हती. पण मथुरा बोटं ताणायला आली की याच्या कपाळाला आठ्या.

"अवो, मनगट खाली वाकवलं की बोटं आपसूक सुटतात. रोज ताणायला सांगितलंय ना?"

"मूठ आवळली म्हंजे झाला गो! उघड्या हातानं कोण मासा धरतो?"

पौर्णिमेला तांडेल ठेवणीतली टोपी घालून मिरवत गुडघाभर पाण्यात उतरला. सोनेरी कागद लावलेल्या नारळाची शेंडी उजव्या मुठीत गच्च. हात खांद्यापर्यंत वर गेला, वाडीने एकच गलका केला.

आणि मूठ उघडेना! जोर लावावा तितकी ती जास्तच आवळे.

"दादा, मी देऊ काय?" शिवाने हळूच हात पुढे केला. आत्मारामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मथुरा लुगडं भिजवत पाण्यात शिरली. एवढ्या लोकांदेखत तिने नवऱ्याचा हात धरला.

"जोर नका लावू. सैल सोडा."

मनगट खाली वाकलं, बोटं एकेक करून उघडली आणि नारळ लाटेवर गेला. गेला तो उजव्या हातातूनच. हरकत घ्यायला कुणाला जागा उरली नाही.

परतताना मथुराचा हात त्याच्या मुठीत राहिला.

"सोडा आता. लोक बघतायत."

"सुटत नाय गो."

मनगट कसं वाकवायचं ते तिला पाठ होतं. पण घर येईपर्यंत तिला ते काही आठवलं नाही.