राणीच्या बागेवरची काचेची होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि मला क्षमा करता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर शेवटी तुम्ही म्हणाल, म्हातारी गोड बोलत बोलत भलतीकडेच घेऊन गेली. गोड बोलणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. का, ते कळेलच.

आमचं बेट लहान आहे. एका बाजूला गर्द रानाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला प्रवाळांच्या कड्याने अडवलेलं उथळ पाणी. कड्यापलीकडे समुद्र डोकं आपटत असतो. अलीकडे मात्र पाणी ताटात ओतल्यासारखं शांत. हे बघायला लांबलांबून लोक येतात. पण बघण्याहून जास्त त्यांना इथली गोष्ट ऐकायची असते.

गोष्ट अशी. फार पूर्वी इथे एक राणी होती. तिच्या दिराला तिचं राज्य हवं होतं. तो तिला नौकाविहाराला घेऊन गेला, वाटभर गोड बोलत राहिला, आणि आधीच भोक पाडून ठेवलेल्या नावेतून स्वतः उडी मारून पोहत परत आला. राणी बुडाली. तिच्या केसांतल्या फुलांची तळाशी बाग झाली. बुडताना ती म्हणाली, 'या पाण्यावर बोललेलं खोटं तळाशी राहणार नाही.'

ऐकताना सगळे राणीसाठी हळहळतात. त्या बिचाऱ्या नावेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मला एका सुताराने घडवलं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी टणक, तेलकट लाकडाच्या फळ्या वाफेवर शेकून वाकवल्या आणि फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासला. मग माझ्या तळाच्या मधोमध त्यांनी एक चौकोन कापला, तेव्हा शेजारचे नावाडी पोट धरधरून हसले.

"अहो मिस्त्री, होडीला भोक पाडतात ते बुडवायला!"

"बघायलापण पाडतात," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी त्या चौकोनात जाड काच बसवली. कडेने रबराची पट्टी, वरून राळ. मिस्त्रींची मुलगी माझ्यात बसून काचेवर बादलीने पाणी ओतत होती आणि खाली ठेवलेला कोरडा कागद भिजतो का ते बघत होती. कागद कोरडाच राहिला. या मुलीला सगळे मासोळी म्हणत, कारण ती चालायच्या आधी पोहायला शिकली होती.

ती वर्षं माझी सुखाची होती. पाहुणे काचेभोवती गुडघे टेकून बसायचे आणि एकमेकांच्या डोक्यावर डोकी आपटायचे. खाली जांभळी झुडपं, पिवळे पंखे, आणि मधोमध तबकासारखं पसरलेलं एक प्रवाळ, मिस्त्रींच्या आजोबांहूनही जुनं. मित्रांनो, प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो दगड नव्हे. ती टाचणीच्या टोकाएवढ्या असंख्य जिवांची वसाहत असते. ते जीव स्वतःभोवती कठीण घर बांधतात आणि वर्षाला जेमतेम नखभर वाढतात. त्यांचा बराचसा रंगही त्यांच्या आत राहणाऱ्या, त्याहून बारीक वनस्पतींचा असतो. जीव मेला की उरतं ते पांढरं हाड.

मिस्त्रींना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी बागेत कधी नांगर टाकला नाही. बागेच्या कडेला रेतीत एक जड दगड रोवून, त्याला दोराने एक पिवळं पिंप बांधलं होतं. ते वर तरंगत असायचं. मला त्या पिंपाला बांधायचं आणि निवांत बघत बसायचं. "पाहुण्याने पाहुण्यासारखं दारात उभं राहावं," ते म्हणायचे. "थेट चुलीवर पाय देऊ नये."

एका तापाचं निमित्त झालं आणि मिस्त्री गेले. आठवडाही उलटला नव्हता तोच त्यांचा धाकटा भाऊ किनाऱ्यावर आला. मासोळीचे काका. त्यांच्या जिभेवर इतकी साखर होती की मुंग्या कशा लागत नव्हत्या याचंच नवल. "पोरी, मी आहे ना," ते म्हणाले. "होडी काय, घरचीच आहे. मी चालवतो. तू फक्त वल्ही मार." मासोळी रडत होती. रडणाऱ्या माणसाला कागदपत्रं सुचत नाहीत.

पहिल्याच फेरीला काकांनी सुरा काढला आणि पिंपाचा दोर कापला. पिंपाला बांधायचं आणि सोडायचं म्हणजे वेळ जातो, तेवढ्यात अर्धी फेरी होते, असं त्यांचं म्हणणं. पिंप मोकळं होऊन कड्याकडे वाहत गेलं. मग त्यांनी लोखंडी नांगर उचलला आणि बागेच्या मधोमध टाकला.

मला तो काचेतून पडताना दिसला. मिस्त्रींच्या आजोबांहून जुनं ते तबक एका दणक्यात मधोमध फुटलं.

"काका, नांगर नको," मासोळी म्हणाली. "खाली तुटतंय."

"दगड आहेत गं ते! समुद्रात दगडांना काय तोटा?"

त्या दिवशी मी डूख धरला. माणसं ज्याचा राग करतात त्याला पाण्यात पाहतात म्हणे. माझा तर डोळाच पाण्यात आहे.

रोज नांगर पडे, रोज काही तुटे. तुटक्या हाडांवर शेवाळ चढलं. मासे दुसरीकडे गेले. काही काळाने राणीची बाग पाडलेल्या भिंतीसारखी दिसू लागली आणि पाहुणे कुरकुरू लागले. "हा राडारोडा बघायला आलो का आम्ही?"

तेव्हा काकांनी राणी बनवली. थर्माकोलचे ठोकळे चिकटवून आकार कापला, वरून सिमेंटचा पातळ थर दिला आणि निळा मुकुट रंगवला. पाण्यात ती तरंगायला लागली, म्हणून घोट्यांना दोराने वाळूची पोती बांधून तिला बागेत बुडवली. मूर्ती फारशी मोठी नव्हती. पण पाण्यातली वस्तू काचेतून बघताना खऱ्यापेक्षा जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. हे काम पाणी फुकटात करतं. उरलेलं काम काकांनी माझ्याकडून करून घेतलं. त्यांनी माझी काच खालून पुसायला बंदी केली.

पूर्वी मासोळी रोज बुडी मारून काच घासायची. आता काचेवर हिरवी साय धरली आणि कडेने धारदार शिंपले चिकटले. बघण्यासाठी जन्मलेल्या माझ्या डोळ्यात मुद्दाम मोतीबिंदू वाढवला गेला. त्या धुरकट हिरव्यातून राणी खरी वाटे. पाहुणे हात जोडत आणि उतरताना म्हणत, "गोष्ट छान, पण होडी केवढी कळकट!" दोष माझ्या माथी. मी दात-ओठ खाल्ले असते, पण मला ना दात ना ओठ.

मासोळी वल्ही मारत राहिली. शेजारीण तिला टोचून विचारायची, "लाज नाही वाटत का गं त्याची चाकरी करायला?"

"वाटते ना मावशी," ती म्हणायची. "जपून ठेवलीये."

लाजेबरोबर तिने आणखी एक गोष्ट जपली होती. काळ्या खडकामागे, जिथे कुणी जात नसे, तिथे एक प्रवाळ अजून जिवंत होतं. फुटलेल्या तबकाचाच भाऊ म्हणा. मासोळीने बागेतले जगू शकतील असे तुकडे उचलून त्याच्या बाजूला खडकाच्या भेगांत बसवले होते. काही जगले होते. फुरसत मिळाली की ती तिथे बुडी मारून यायची.

एके दिवशी काकांनी तिला तिथून येताना पाहिलं. त्यांनी स्वतः पोहत जाऊन बघितलं आणि हसत परत आले.

"काय गं, लबाड! एवढं घबाड आणि काकाला सांगितलं नाहीस? उद्या शेवटची फेरी या बागेवर. परवापासून नांगर काळ्या खडकामागे. ही राणी तशीही शिळी झाली."

 मासोळीचा हात माझ्या काठावर घट्ट आवळला गेला.

दुसऱ्या दिवशी, सूर्य डोंगरावर यायच्या आत, तिने मला बागेवर नेलं आणि नारळाची चोडं, म्हणजे वरची राठ सालं, आणि बापाची पटाशी घेऊन ती माझ्याखाली शिरली. पटाशीने तिने शिंपले एकेक करून उडवले. चोडांनी साय घासली. श्वास घ्यायला वर यायची, पुन्हा खाली जायची. शेवटचा हात फिरला आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं. खाली हाडांचा ढीग, त्यात उभी ती सिमेंटची बया. मासोळी वर आली, तिने तोंडावरचं पाणी पुसलं आणि मला थोपटलं. "बघ आता," ती म्हणाली.

फेरीला काका आले तेव्हा त्यांनी काचेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं लक्ष पाहुण्यांवर. त्या दिवशी एक नवरा-बायको, त्यांच्याबरोबर बायकोची आई, आणि मागच्या फळीवर हॉटेलचा व्यवस्थापक होता. यंदा पाहुणे या होडीकडे पाठवायचे की नाही, ते ठरवायला आलेला. आजूबाजूला इतर नावाड्यांच्या होड्या होत्याच.

काकांनी राणीची गोष्ट रंगात येऊन सांगितली. "आणि राणी म्हणाली, या पाण्यावर बोललेलं खोटं तळाशी राहणार नाही! चला, घ्या दर्शन!"

मासोळीने मला नेहमीपेक्षा वल्हंभर पुढे नेलं. त्यामुळे काकांनी टाकलेला नांगर राणीच्या पलीकडे पडला. सगळे काचेवर वाकले. 

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "राणीच्या पायाशी ही पोती कसली?"

"आई, हळू बोला."

"हळू काय? पोत्यावर सिमेंटच्या कंपनीचं चित्र आहे! आणि हिचं नाक कुठं गेलं?"

काकांनी काचेकडे पाहिलं. तोंडातली साखर तिथेच विरघळली. "प्रवाह... प्रवाह बदललाय. निघू या आपण. मासोळी, नांगर ओढ!"

मासोळीने वल्ही वर घेतली आणि हाताची घडी घातली. "तुम्हीच टाकलाय काका. तुम्हीच ओढा."

काकांनी दोर ओढायला सुरुवात केली. नांगर तळाशी सरकत मागे आला आणि त्याचा वाकडा दात राणीच्या घोट्यांच्या दोरात अडकला. काकांनी जोर लावला. दोर ताणला गेला. आणि मित्रांनो, मीसुद्धा माझं सगळं वजन त्या दोरावर टाकलं. तुम्ही म्हणाल लाट आली असेल. त्या शांत पाण्यात लाट कुठली?

पोती सुटली. थर्माकोलला तळाशी राहायला कधीच आवडत नाही; पाणी त्याला सतत वर ढकलत असतं, फक्त पोत्यांनी त्याला दाबून ठेवलं होतं. राणी हलली, सरळ झाली, आणि वर यायला लागली. काचेत तिचा चेहरा मोठा मोठा होत गेला. मग धाडकन माझ्या काचेला खालून आपटला आणि तिथेच चिकटून राहिला, बिननाकाचा, सगळ्यांकडे बघत.

सासूबाई किंचाळल्या. मग हसायला लागल्या. मग जावई हसला, त्याची बायको हसली. राणी माझ्या बाजूने घसरून पाण्यावर उताणी तरंगू लागली, तेव्हा आजूबाजूचे नावाडी वल्ही आपटून ओरडले, "थर्माकोलशेठ! ओ थर्माकोलशेठ! राणीसरकार निघाल्या, मुजरा करा!"

व्यवस्थापक एकटाच हसला नाही. "मला किनाऱ्यावर सोडा," एवढंच म्हणाला.

त्या दिवसानंतर काकांकडे एकही पाहुणा आला नाही. ते नाव त्यांना कायमचं चिकटलं. ते रस्त्याने गेले की दुकानांतून 'शेठ' अशी हाक यायची आणि पुढचा शब्द कुणी उच्चारायचं नाही. महिनाभरात त्यांनी मला वाळूत सोडून दिलं. "घे तुझी लाकडं," ते मासोळीला म्हणाले. तिने घेतली.

कड्याला अडकलेलं पिवळं पिंप तिने शोधून आणलं, पोचे ठोकून काढले आणि काळ्या खडकामागे, प्रवाळाला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावर, रेतीत रोवलेल्या दगडाला बांधलं. आता पाहुण्यांना घेऊन मी तिथे उभी असते. नांगर मात्र तिने विकला नाही. तो भरतीच्या रेषेवर, माझ्या नजरेसमोर पडलेला आहे. खारं पाणी येतं, जातं, आणि तो थोडा थोडा झडतो. मी रोज बघते. मला घाई नाही.

गेल्या मोसमात काका एकदा आले. केस पिकले होते. इतरांसारखं तिकीट काढून ते काचेजवळ बसले. मासोळीने वल्ही घेतली आणि मला जुन्या बागेवर नेलं. तिथे तिने मला खूप वेळ उभं केलं. काच लख्ख होती. खाली सगळी हाडं दिसत होती, एकेक, खऱ्यापेक्षा मोठी.

"ते दुसरं, जिवंत असलेलं, ते नाही का दाखवत?" काकांनी हळूच विचारलं.

"ते पाहुण्यांसाठी आहे काका," मासोळी म्हणाली. "तुम्ही घरचे."

मित्रांनो, तुम्ही कधी अशा बेटावर आलात, तर गोष्ट ऐका, डोंगर बघा, आणि होडीत पाय ठेवायच्या आधी दोनच गोष्टी विचारा: नांगर कुठे टाकता, आणि काच कधी पुसली? उत्तर गोड आलं तर उतरून जा. बाकीचं आम्ही होड्या बघून घेऊ.