सात मिनिटांचं भांडण

सुदेश सावंत आणि मारुती म्हात्रे यांच्यात तीस वर्षं एकच भांडण चालू होतं. रॉय हॅल्डन हा गिटारवादक खरोखर थोर, की नुसताच गाजलेला?

हॅल्डन परदेशातला, आता म्हातारा झालेला. रॉक ऐकणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतलेलं. त्याच्या एका जुन्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये सात मिनिटांचा सोलो आहे. गाणारा गप्प, ड्रम मागे सरलेले, आणि एकटी गिटार. मारुती तो सोलो डोळे मिटून ऐकायचा. सुदेश म्हणायचा, "सात मिनिटं बोटं पळवली म्हणजे काही सांगितलं असं होत नाही."

डोंबिवलीच्या कॉलेजात असताना दोघांनी बँड काढला होता. मारुती लीड गिटार वाजवायचा, सुदेश गिटारवरच ताल धरायचा, गाणी लिहायचा आणि म्हणायचा. बँड दोन वर्षांत संपला, दोस्ती राहिली. मारुतीच्या घरची शेती निळज्याच्या बाजूला. तिथे टॉवर उभे राहिले आणि मारुतीचा बंगला झाला. सुदेश एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात लॅबला लागला आणि दिव्यात दोन खोल्यांत राहिला. पण रविवारी नळाचं पाणी भरून झालं की तो शीळफाट्याची रिक्षा पकडून मारुतीकडे जायचा. चहा यायचा, गिटार निघायची, आणि कुठूनही सुरू झालेलं बोलणं हॅल्डनवर यायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना मारुतीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून तो घरी आला. पाय ओढत का होईना, चालायला लागला. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. गिटारवर सूर दाबायचा तो हात.

सुदेश पहिल्यांदा घरी भेटायला निघाला तेव्हा रिक्षातच त्याने ठरवलं की आज वाद घालायचा नाही. मारुती खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्याची बायको रतन पाण्याचा तांब्या घेऊन आली. "भावोजी, पानी घ्या. सकालपासून तुमचीच वाट बगतान," असं म्हणून ती आत गेली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सुदेश म्हणाला, "मारुत्या, एक सांगू? हॅल्डनबद्दल तुझंच बरोबर होतं. मोठा माणूस आहे तो. मी उगाच तीस वर्षं ताणलं."

मारुतीने मान त्याच्याकडे वळवली. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलला, "घरी जा तू."

"अरे, काय झालं?"

"मेलेल्या माणसाचं सगळं कबूल करतात लोक. मी अजून आहे."

सुदेश तांब्यातलं पाणी प्यायला. थोडा वेळ बसून तो उठला. मारुतीची मुलगी समृद्धी त्याला फाटकापर्यंत सोडायला आली.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "सध्या सगळे असंच करतात. ते काहीही बोलले की हो म्हणतात. फिजिओवाला पण हो म्हणतो, आई पण हो म्हणते, मी पण. परवा ते म्हणाले, माझ्याशी कोणी बोलतच नाही. घरात दिवसभर माणसं होती तेव्हा." तिने फाटकाची कडी काढली. "तुम्ही भांडायला या ना."

भांडायला यायचं तर मुद्दा हवा, आणि मुद्दा हवा तर ऐकायला हवं. त्या आठवड्यात सुदेशने दुपारच्या सुट्टीत, कारखान्याच्या गच्चीवर, कानात इअरफोनच्या तारा घालून तो सोलो लावला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण हा आजवर एकदाही शेवटपर्यंत ऐकलेला नाही. दीड-दोन मिनिटं झाली की तोंड उघडायचं, ही त्याची तीस वर्षांची सवय.

पहिली तीन मिनिटं त्याला वाटली होती तशीच निघाली. वेग, पुन्हा वेग, लोकांचा आरडाओरडा. पण चौथ्या मिनिटाला हॅल्डन थांबला. एकच सूर त्याने लावला आणि तो विझेपर्यंत दुसरा वाजवला नाही. पुढे जे वाजवलं ते इतकं हळू की समोरचे हजारो लोक गप्प झाल्याचं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत होतं. ते चांगलं होतं. सुदेशला ते नाकारता येईना, आणि त्याच क्षणी त्याला राग आला. इतका की त्याने कानातल्या तारा ओढून काढल्या.

हा राग हॅल्डनवरचा नाही, हे त्याला तिथे उन्हात उभं असताना कळलं. तो ठाण्याचा होता. त्र्याण्णव साली ठाण्यात कॉलेजांच्या बँडची स्पर्धा झाली, तेव्हाचा.

सुदेशचे वडील विठ्ठलवाडीला पोस्टमन होते. ते गेले त्या वर्षी सुदेशने त्यांच्यावर गाणं लिहिलं. तीन कडवी. स्पर्धेत तेच म्हणायचं ठरलं. दुसऱ्या कडव्यानंतर मारुतीचा अर्ध्या मिनिटाचा सोलो होता. मारुतीने तो सुरू केला आणि थांबलाच नाही. समोरची मुलं ओरडायला लागली, तसा तो चढत गेला. सुदेश माइकसमोर तोंड उघडून उभा राहिला, आणि वेळ संपल्याची घंटा झाली. तिसरं कडवं राहिलं. उत्कृष्ट वादकाचं बक्षीस मारुतीला मिळालं. परतताना सुदेशने त्याचं अभिनंदन केलं. पुढच्याच आठवड्यात तो पहिल्यांदा म्हणाला होता की हॅल्डन उगाच गाजलाय.

उरलेला सोलो त्याने त्याच संध्याकाळी ऐकला. रविवारी तो मारुतीसमोर बसला तो चहा यायच्या आधीच बोलायला लागला.

"मी पूर्ण ऐकला. चौथं मिनिट चांगलं आहे. बाकी फुगवलेलं आहे."

मारुतीचा चेहरा बदलला. "बाकी नसतं तर चौथं लागलं असतं का तुला? तो आधी धावतो, म्हणून थांबलेला कळतो."

"तीन मिनिटं लागतात धावायला?"

"त्याला लागतात."

"आणि तुला किती लागली होती, ठाण्याला?"

दारात उभी असलेली समृद्धी आत जायला वळली आणि तिथेच थांबली. सुदेशला वाटलं, नको होतं बोलायला, आजारी माणूस आहे. पण निघालेला शब्द त्याने मागे घेतला नाही.

"माझ्या वडिलांचं गाणं होतं ते, मारुत्या. शेवटचं कडवं राहिलं. तुला एकदाही वाटलं नाही काही?"

मारुतीने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. त्यात बराच वेळ गेला.

"वाटलं," तो म्हणाला. "घंटा झाली तेव्हाच. तू रिक्षात अभिनंदन केलंस, मग मला बोलता येईना. तू शिवी दिली असतीस तर बोललो असतो." त्याने श्वास घेतला. "तू हॅल्डनला नावं ठेवायचास ना, मला कळायचं कोणाला ठेवतोयस ते. म्हणून मी एवढा भांडायचो."

"तीस वर्षं?"

"मग काय करणार. माझा सोलो फालतू होता, सुदेश. त्याचा नाही."

सुदेशला एकदम खूप थकल्यासारखं वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

थोड्या वेळाने मारुतीने समृद्धीला गिटार आणायला सांगितली. हॉस्पिटलातून आल्यापासून त्याने गिटारकडे पाहिलंही नव्हतं. "ते गाणं," तो सुदेशला म्हणाला. "तू सूर दाब. तार मी छेडतो."

दोघं दिवाणावर खेटून बसले. गिटार दोघांच्या मांडीवर आडवी. सुदेशच्या डाव्या हाताने सूर धरायचे, मारुतीच्या उजव्या हाताने तारा छेडायच्या. पहिल्या खेपेला काहीच जुळलं नाही. दुसऱ्या खेपेला सुदेश पुढे गेला, मारुती मागे राहिला. मग सुदेशने लय निम्मी केली, आणि तिसऱ्या खेपेला गाणं चालायला लागलं. दोन कडवी झाली. पुढे सोलोची जागा आली. मारुतीने चार ठोके नुसत्या तारा छेडल्या आणि मान हलवून सुदेशला पुढे जायला सांगितलं.

तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ सुदेशने म्हटली आणि तो अडला. दुसरी आठवेना. ज्या ओळी तालमीनंतर कधी कुठे म्हटल्याच नाहीत त्या राहणार तरी कशा.

मारुतीने हात थांबवला. जड जिभेने, तुटक तुटक, त्यानेच ती सांगितली. "ज्या दारी पत्र नाही, तिथेही थांबायचा."

सुदेशने ती म्हटली, आणि पुढच्या दोन्ही ओळी आपोआप आल्या.

मारुतीचा डावा हात पुढे कप धरण्याइतका सुधारला, गिटार धरण्याइतका नाही. सुदेश रविवारी जात राहिला. पावसाळा सरता सरता अशाच एका रविवारी समृद्धीने आईला विचारलं की आजोबा कसे होते, सुदेशकाकांचे बाबा. रतनने त्यांना पाहिलेलं नव्हतं. तिने हातातली भाजी बाजूला ठेवली आणि मुलीला घेऊन बाहेर दोघांजवळ येऊन बसली. "भावोजी," ती म्हणाली, "सांगा हिला." आणि सुदेश सांगायला लागला.