वन्सं आणि चौदा पायऱ्या

माझ्या नणंदेबद्दल, म्हणजे वन्संबद्दल, पन्नास वर्षांत मी चांगलं बोललेलं कोणी ऐकलं नसेल. त्याही माझ्याबद्दल बोललेल्या नाहीत, त्यामुळे फिटंफाट. पण खरं ते लिहायला पाहिजे. मी चौथीपर्यंत शिकले, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ज्याला वाचायचं तो वाचेल.

वन्सं शिवणकाम करतात. वय चौऱ्याहत्तर. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतात, "मापात बसणारा मिळाला नाही." आम्ही सगळे खाली राहतो, आणि चौदा पायऱ्या चढून वर त्यांची शिवणाची खोली. तिथे दोन मशीन आणि कापड बेतायचं आठ फुटी टेबल. ते टेबल खोलीतच बनवून घेतलेलं, दारातून निघत नाही. खाली आणायचं तर करवतीने तुकडे करूनच.

गेल्या वर्षी कापडाचा गठ्ठा छातीशी कवटाळून उतरताना त्या खालून तिसऱ्या पायरीवरून पडल्या. मनगट मोडलं. मनगट दीड महिन्यात जुळलं, पण बाई बसली ती बसलीच. चूक आमची. पाणी हवं की सून धावली, चष्मा हवा की मुलगा धावला. मीसुद्धा, जी कोणासाठी जागची हलत नाही, ती त्यांच्या उशा सारख्या करत बसले. आम्ही इतकं जपलं, इतकं जपलं, की खुर्चीतून उठायला त्यांना दोन माणसं लागायला लागली.

मग एक दिवस माझा मुलगा म्हणाला, "आत्या, आता बस झालं. सुताराला बोलावतो. टेबल कापू, एक मशीन खाली आणू, बसल्या बसल्या काय शिवायचं ते शिव."

वन्संनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही. त्या गप्प बसल्या. भांडल्या असत्या तर मी खुशाल झोपले असते, पण ते गप्प बसणं मला बघवेना.

"सुताराला आणच," मी मुलाला म्हटलं, "तुझ्या डोक्यात काय भरलंय ते उघडून बघू."

"आई, मला तिला पुन्हा त्या जिन्याखाली पडलेली बघायची नाही," तो म्हणाला. पोराचे डोळे भरले होते, म्हणून पुढचं मी गिळलं.

मनगटासाठी दवाखान्यातून एक व्यायामवाली मुलगी यायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाड जुळलंय, पाय झोपलेत. मला बारा आठवडे द्या." मुलाने अट घातली. बारा आठवड्यांनी आत्याने कोणाचाही हात न धरता वर जायचं आणि खाली यायचं. जमलं तर टेबल राहील, नाही तर करवत.

पहिला व्यायाम काय, तर खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. ऐकून मला हसू आलं. वन्संना एकदाही उठता आलं नाही, तेव्हा हसू गेलं. मुलीने खुर्चीवर दोन उशा ठेवून ती उंच केली, तेव्हा कुठे एकदा जमलं. मग स्वयंपाकाच्या ओट्याला बोटं टेकून टाचा उचलायच्या, खाली आणायच्या. मग एका पायावर उभं राहायचं.

"बगळा करून ठेवला माझा," वन्सं म्हणाल्या.

"बगळ्याला मासा तरी मिळतो," मी म्हटलं.

"गुडघे जरा सैल सोडा, आजी," मुलगी म्हणाली. "ताठ गुडघ्याला तोल सावरता येत नाही."

"आमच्या घराण्यात कोणी वाकत नाही."

"म्हणून तर मोडता," मी म्हटलं.

मला काम दिलं होतं शेजारी उभं राहायचं. हात तयार ठेवायचे, पण लावायचे नाहीत. जिने दुसऱ्याच्या भाजीत डाव घातल्याशिवाय कधी राहिली नाही, तिला असली शिक्षा.

तिसऱ्या आठवड्यात एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेघेवर चालायचं आलं. वन्संनी आपला शिवणाचा खडू काढला आणि पट्टी धरून फरशीवर सुतासारखी रेघ मारून घेतली. पण चार पावलं झाली की झोक जायचा. दहा दिवस तेच. मुलगी एकदा बाजूला उभी राहून नुसती बघत होती.

"आजी, नजर कुठे आहे तुमची?"

"रेघेवर. कुठे असणार? नजर हलली की शिवण वाकडी जाते."

"पायाकडे बघितलं की डोकं पुढे झुकतं, आणि डोक्यामागून तुम्ही. समोर बघा. पायांना वाट कळते."

साठ वर्षं मान खाली घालून सुई बघणाऱ्या बाईला ही समोर बघ म्हणते. मला वाटलं, आता खडू हिच्या अंगावर येणार. वन्संनी थोडा विचार केला. मग ओलं फडकं मागून घेतलं, बसून स्वतःच्या हाताने रेघ पुसली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत चालायला लागल्या. सात पावलं गेल्या. शिकायला वय लागत नाही म्हणतात. आपलंच खरं म्हणायची खोड मोडायला मात्र छाती लागते.

नवव्या आठवड्यात त्यांना ताप आला. सहा दिवस अंथरुणात. उठल्या तर खुर्चीवर पुन्हा दोन उशा लागल्या. मला रडू फुटलं, त्यांना नाही.

"उसवलं तर परत शिवायचं," त्या म्हणाल्या. "त्यात डोळे कशाला गाळतेस, वहिनी?"

ठरल्या दिवशी मुलगा सुताराला घेऊनच आला. व्यायामवाली मुलगीही हजर होती. वन्संनी सपाता काढून पकड असलेले बूट घातले. डाव्या हाताने कठडा धरला आणि चढल्या, एकेक पायरी, नजर समोर. वर जाऊन टेबलावरून हात फिरवला असणार, कारण जरा उशीर झाला. मग उतरायला लागल्या. उतरणंच कठीण. खालून तिसऱ्या पायरीवर बुटाची टाच पायरीच्या कडेला अडली आणि त्या झुकल्या. माझे हात पुढे गेले, ते मी मागे ओढले. वन्संचे गुडघे वाकले, कठड्यावरची मूठ आवळली, दुसरा पाय पूर्ण टेकला. क्षणभर थांबल्या. मग उरलेल्या पायऱ्या उतरून आल्या.

मुलगा पांढराफटक पडला होता. "बघितलं ना? पडणारच होती."

"पण पडल्या नाहीत," मुलगी म्हणाली. "तोल सगळ्यांचाच जातो. तो परत आणायचं शिकल्या त्या."

मुलाने वाकून त्या तिसऱ्या पायरीची कड चाचपली. मग म्हणाला, "गठ्ठे मात्र मी वाहीन."

"वाहा की. मी कुठे नको म्हणते?" वन्सं सुताराकडे वळल्या. "ती करवत ठेव बाजूला. भिंतीच्या बाजूने कठडा नाही, तो बसव. इतक्या उंचीवर." त्यांनी टेप भिंतीला लावली. सुताराने खूण केली.

मी म्हटलं, "दोन बोटं खाली घे रे. मलाही वर जायचं असतं."

वन्संनी टेप गळ्यात अडकवली आणि माझ्याकडे बोट करून मुलीला म्हणाल्या, "हिच्यासाठी खुर्चीवर उशा तीन लागतील."