वीस किलोमीटर कमी

खोऱ्यातल्या पंपावर दर गुरुवारी एका गाडीला एक डबा पेट्रोल मिळायचं. वीस लिटर, आणि तेही गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत दारात आली तरच. टाकीत मागचं उरलं असलं तर तेवढं कापून द्यायचे, आणि घरी साठवलेलं सापडलं की गाडीचं नावच खोडायचे. जास्त मागितलं की पंपवाला आकाशाकडे बोट दाखवायचा, जणू तिथून टँकर उतरणार होता! बखीतची जुनी पिकअप लिटरला सात किलोमीटर जायची. शहरातलं इस्पितळ चाळीस किलोमीटरवर, घाट चढून, पठार ओलांडून. त्याच्या बायकोला, मुझनाला, तिथल्या यंत्रावर रक्त धुवायला आठवड्यातून दोनदा न्यायचं, शनिवारी आणि मंगळवारी. दोन फेऱ्यांचे झाले एकशेसाठ किलोमीटर, आणि डबा संपायचा एकशेचाळीसला.

वीस किलोमीटर कमी. तेवढ्यापायी दोन महिने मुझना फक्त शनिवारी जात होती. बुधवारी तिचे पाय चपलेत मावायचे नाहीत आणि शुक्रवारी आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. डॉक्टरने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "एका वेळेवर भागणार नाही, बाबा. हृदय थकलंय. आणखी महिनाभर असंच चाललं तर पुढचं मला विचारू नका."

शेजाऱ्यांनी दोनतीनदा लिटर-लिटर दिलं. पण डबा प्रत्येकाला एकच, आणि प्रत्येकाच्या घरी काही ना काही दुखणं होतंच. काळ्या बाजारातलं पेट्रोल बखीतच्याने घेववलं नसतं. घरातलं विकण्यासारखं सगळं पहिल्याच वर्षी विकून झालं होतं. मुलगा सालमीन आखातात मजुरीला, त्याचा महिन्यातून एक फोन. उरली ती पिकअप. तिच्याकडूनच वीस किलोमीटर काढायचे, असं बखीतने मनाशी घेतलं आणि तो मामेभावाकडे, करामा मिस्त्रीकडे गेला.

"म्हातारीला तरुण करून दे म्हणतोस," करामा बॉनेट उघडत म्हणाला.

"तरुण नको. खाणं कमी कर तिचं."

"तेच सांगायला माझी बायको माझ्याबद्दल हकीमाकडे गेली होती. काही उपयोग झाला नाही."

करामाचं तोंड चालायचं, पण हातही चालायचे. त्याने कार्बोरेटर खोलून धुतला, एअर फिल्टर झटकला तर त्यातून पसाभर वाळू निघाली, मागचं डावं चाक ब्रेकमध्ये धरत होतं ते मोकळं केलं. टायरमध्ये हवा ठासून भरली. टपावरचा लोखंडी सांगाडा काढला, स्टेपनी काढली, मागची फळी काढली. शेवटी बखीतने साठ लिटर पाण्याचं पिंपही उतरवलं. आता पठारावर पाण्याशिवाय गाडी काढणाऱ्या माणसाला आमच्याकडे वेडाच समजतात. पण पाणीही वजनच की!

"हे बरं नाही," करामा म्हणाला.

"साठ किलो आहेत ते."

मुझना उंबऱ्यावर बसून बघत होती. "सगळ्यात जड तर मीच आहे, अबू सालमीन," ती म्हणाली. ती त्याला मुलाच्या नावानेच हाक मारायची, सालमीनचा बाप म्हणून. "मला उतरवा, गाडी कशी हरणासारखी पळेल."

"गप गं," बखीत म्हणाला. हसू दाबत त्याने पिंप अंगणाच्या कडेला लोटलं.

एवढं करून गाडी लिटरला साडेसातवर आली. एकशेपन्नास. अजून दहा कमी! बखीतने कपाळावर हात मारला. करामाने प्लग काढून उजेडात धरले. काळेकुट्ट.

"इंजिन थंड चालतंय. झडप कुठाय?"

झडप म्हणजे थर्मोस्टॅट, पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी बोटभर पितळी वस्तू. आमच्या मुलखात गाडी घरी आली की आधी आरशाला जपमाळ बांधतात आणि मग ही झडप उपटून फेकतात. एवढ्या उन्हात गरम ठेवायचं यंत्र हवंय कुणाला, असं बापजाद्यांपासून चालत आलंय. उन्हाळ्यात ठीक, पण आत्तासारख्या हिवाळ्यात पठारावर बोटं गारठतात, तेव्हा तेच इंजिन कुडकुडत पेट्रोल ढोसत बसतं.

"पंधरा वर्षांपूर्वी तूच काढलीस," बखीत म्हणाला.

"मग? मला काय माहीत नव्हतं? पण झडप ठेवली आणि गाडी उकळली की सगळं खोरं म्हणतं, करामाने उकळवली. काढली की कुणी काही म्हणत नाही." करामाने हात पुसले. "नवी मागवतो किनाऱ्यावरून. दहा दिवस लागतील."

"दहा दिवस? म्हणजे दोन मंगळवार गेले!"

"बखीत, ऐक माझं."

पण ऐकतोय कोण? नदीपात्रात एक मोडकी पिकअप गंजत पडली होती. बखीतने तिची झडप काढून आणली आणि मुझनाच्या चहाच्या किटलीत उकळली. तिघंही किटलीभोवती डोकी घालून बसले. पाणी तापलं तशी झडप उघडली, गार पाण्यात टाकल्यावर मिटली. पुन्हा उकळली, पुन्हा उघडली. तीनदा.

"आता चहाला गंजाची चव येणार," मुझना म्हणाली. "माझं काय, मला दोनच घोट. तुम्ही प्या पोटभर."

"उघडतेय म्हणा," करामा ओठ चावत म्हणाला. "पण जुनी आहे रे. आणि तुझा तापमानाचा काटा तर कधीच मेलाय. अडकली तर तुला कळणार कसं?"

"तीनदा उघडली ना? बसव."

करामाने बसवली. पुढची दोन वर्षं तो हे दर माणसाला सांगत असे, की मी नको म्हणत होतो. म्हणत होता, खरंय. पण बसवली त्यानेच.

शनिवारी गाडी लिटरला सव्वाआठने गेली. बखीतने तीनतीनदा हिशेब केला. दोन्ही फेऱ्या होत होत्या, वर थेंबभर उरत होतं. येताना तो चक्क गाणं म्हणत होता, आणि त्याचा आवाज म्हणजे विहिरीच्या कोरड्या रहाटासारखा. मुझना म्हणाली, "यापेक्षा यंत्रावर बरं होतं." पण रविवारी तिने स्वतः उठून भाकरी थापल्या. सोमवारी शेजारणीकडे जाऊन आली. मंगळवारी सकाळी तिने हिरवी ओढणी काढली, सणाची.

"धुण्याला निघालीस की लग्नाला?" बखीतने विचारलं.

"दोन महिन्यांनी मंगळवार भेटतोय. त्याला बरं वाटू दे की."

घाटाला नऊ वळणं आहेत. सहाव्या वळणावर गोडसर, जळका वास आला.

"अबू सालमीन, वास येतोय."

बखीतलाही आला होता. समोर काटा मेल्यासारखा पडलेला, त्यावरून काही कळायचं नाही. थांबावं असं त्याच्या पायाला वाटलं. पण असल्या खड्या चढावर थांबायचं म्हणजे पुन्हा पहिल्या गिअरला गाडी उचलायची, आणि तिथे घोटभर पेट्रोल सहज जातं. तो घोट त्याच्याकडे नव्हता. दोन महिने तो थेंबाथेंबाने विचार करायला शिकला होता, आता दुसरं काही सुचेना.

"येऊ दे. तीन वळणं राहिलीत. वर गेलो की पठार, वारा लागेल, गार होईल."

सातव्या वळणावर इंजिन ठोकायला लागलं. आठव्यावर बॉनेटच्या फटीतून वाफ उसळली, आत कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटावं तसा आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी मेली. बखीत दगड चाकाखाली टाकून बॉनेटकडे धावला. पिंप घरी अंगणात होतं. मुझनाने तिची अर्ध्या लिटरची बाटली पुढे केली, दिवसभराचं मोजून दिलेलं पाणी.

"घ्या."

"ते तुझं आहे."

"घ्या हो. मला तसंही प्यायची बंदीच आहे."

त्याने ओतलं. ते तापलेल्या लोखंडावर चर्रकन उडून गेलं. बखीत रस्त्यातच मांडी घालून बसला आणि लहान पोरासारखा रडला. मुझना शेजारी उभी राहून त्याच्या डोक्यावर हात ठेवून होती.

दोन तासांनी शेळ्या भरलेला एक ट्रक आला, त्याने दोघांना नेलं. इस्पितळात तिची पाळी दुसऱ्याला दिली होती. नर्सने दया येऊन चार तासांऐवजी दीड तास यंत्र लावलं. परत त्याच ट्रकने, शेळ्यांमध्ये बसून.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी ओढावी तशी दोर लावून पिकअप खाली आणली. करामाने इंजिनावरचं लोखंडी झाकण, हेड, काढलं. झडप मिटलेलीच होती. हेड वाकलेलं, दोन पिस्टन चिकटलेले.

"सांग," बखीत म्हणाला.

"दुसरं इंजिन शोधावं लागेल. किनाऱ्यावर विचारतो. मिळालं, आणून बसवलं, तर..." त्याने बोटं मोजली. "दीड महिना. आणि तोवर गुरुवारचा डबाही नाही. बंद गाडीला देत नाहीत ते."

डॉक्टरने महिना सांगितला होता, आणि तो महिना कधी सुरू झाला हे तिघांनाही माहीत होतं. शेळ्यांचा ट्रक पुन्हा इकडे कधी येईल हे ट्रकवाल्यालाही माहीत नव्हतं.

मुझना उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिने चहाचा पेला करामापुढे सरकवला.

"करामा, दीड महिना लागतो तर दोन घे," ती म्हणाली. "आता घाई कुणासाठी करायची? पण नीट कर हो. यांना पुढं लागेल ती."