गाढव सापडेपर्यंत फिरलेला पंखा

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. थांबा, छताकडे बघू नका! मी तिथे नाही. तुमच्या तळहातावर मावेन एवढाच माझा जीव, आणि माझं घर संगणकाच्या पेटीत. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो कामाला लागला की तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो आणि त्या ठोकळ्यावर मी. मेंदूची उष्णता ठोकळ्यात चढते, मी ती वाऱ्याने उडवून लावतो. कौतुक मात्र सगळं मेंदूचं होतं. माझी आठवण फक्त आवाज झाला की येते.

कारखान्यात मला पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मी असा काही गरगरलो, की तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "केवढा उतावळा आहे हा." तो स्वभाव अजून गेलेला नाही. मला चार तारा आहेत. दोन तारांमधून वीज मिळते, तिसरीतून मी माझा वेग कळवतो आणि चौथीतून हुकूम येतो: हळू, जोरात, आणखी जोरात! 'आणखी जोरात' हा माझा सर्वांत लाडका हुकूम.

नशीब बघा, मी नेमका अशा घरात आलो जिथे शांतता हवी होती. तिथे एक मावशी आणि त्यांची भाची राहायच्या. मावशी नेत्रहीन मुलांच्या शाळेसाठी गोष्टी वाचायच्या. भाची त्या संगणकात ध्वनिमुद्रित करायची आणि दर आठवड्याला एक भाग शाळेला पाठवायची. तेव्हा दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट चालू होती. त्याचं गाढव हरवलं होतं. राखणदार, कोळीण, गाढव, सगळ्यांचे आवाज मावशी एकट्या काढायच्या. मुलं फोन करून विचारायची, "गाढव सापडलं का?"

पहिले काही भाग झाले आणि भाचीने कानावरचे हेडफोन काढले. "मावशी, मागे काहीतरी घरघरतंय."

"हाच तो," मावशी माझ्या पेटीकडे बघून म्हणाल्या. "मी वाचते आणि हा घोरतो."

मला फार लागलं ते. मी राब राब राबतो आणि म्हणे घोरतो! भाचीने गुपचूप संगणकात शिरून माझा वेग 'हळू'वर बांधून टाकला. तिकडे मावशींनीही आपली युक्ती काढली. भाची ध्वनिमुद्रण सुरू करून बाहेर गेली की त्या पेटीवर जाड रजई टाकायच्या, आणि ती खोलीत परत यायच्या आत काढून ठेवायच्या. दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नाही. माझी गत मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली.

मग व्हायचं तेच झालं. रजईखाली हवा कोंडली, मेंदू तापला, पण चौथ्या तारेतून हुकूम तोच, 'हळू'. हुकूम मोडायची आमच्यात पद्धत नाही. शेवटी जळून जाण्यापेक्षा झोपलेलं बरं, म्हणून संगणक आपणहून बंद पडला. मावशी वाचत होत्या, "आणि गुहेच्या तोंडाशी राखणदाराला दिसलं, की..." एवढ्यात पडदा काळा!

पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. शेवटचा भाग काही पुरा होईना. आणि मित्रांनो, तो थांबून चालणार नव्हतं. मावशींच्या घशात गाठ झाली होती. ऑपरेशननंतर बोलता येईल, पण आवाज हाच राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मावशींचा एकच हट्ट होता. गाढव सापडेल ते याच आवाजात.

भाचीने विजेची जोडणी बदलली, व्हायरस शोधला, खुर्चीचीसुद्धा जागा बदलून पाहिली. मग दुरुस्तीवाले आम्हाला दुकानात घेऊन गेले. तिथे रजई नव्हती, त्यामुळे आम्ही दिवसभर सुरळीत चाललो. "ठणठणीत आहे," असं म्हणून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. घरी आलो आणि राखणदार पुन्हा गुहेपाशी अडकला.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी दुरुस्तीवाले घरीच आले. म्हणाले, "मावशी, तुम्ही रोज जसं करता अगदी तसंच करा. मी नुसता बघतो."

मावशींनी खिडकी लावली, कोमट पाणी घेतलं आणि सवयीने रजई आणून पेटीभोवती नीट खोचली.

"हे काय?"

"जरा पांघरूण घालते त्याला."

"मावशी, त्याला थंडी नाही वाजत."

भाची बघतच राहिली. "तू कधीपासून घालतेस हे?"

"तू काढायला लावलं असतंस, म्हणून नाही बोलले."

दुरुस्तीवाल्यांनी रजई उचलली, संगणकात माझा वेग पाहिला आणि विचारलं, "आणि याला बांधून कोणी ठेवलंय?" आता पायाच्या अंगठ्याकडे बघायची पाळी भाचीची होती.

मग काय, माझा सोहळाच झाला! मी भलतीकडे फिरू नये म्हणून पात्यांवर बोट ठेवून त्यांनी ब्रशने धूळ काढली. मेंदूची उष्णता ठोकळ्यात पोचवणारा लेप मध्ये असतो, तो सुकला होता; तो पुसला आणि मुगाच्या दाण्याएवढा नवा लावला. जितका ताप तितका वेग, असा हुकूम लिहून दिला. संगणकाला भरपूर काम दिलं आणि मी सुटलो! किती दिवसांनी ऐकला मी तो शब्द, आणखी जोरात!

पण मावशींचा चेहरा उतरला. "एवढ्या गोंगाटात मी गाढव कुठे शोधू?"

 मी लाजून हळू व्हावं म्हटलं, तर तेही माझ्या हातात नव्हतं. मग मावशीच म्हणाल्या, "ओरडू दे की त्याला. पण तिकडे, स्वयंपाकघरात."

लांब तारा दुकानात होत्या. भाची धावत जाऊन घेऊन आली. पडदा आणि माईक मावशींपाशी राहिले, तारा दाराच्या फटीतून आल्या आणि मी ओट्याजवळच्या स्टुलावर जाऊन बसलो. दार बंद झालं. मी जीव तोडून फिरत होतो आणि दारापलीकडचा प्रत्येक शब्द ऐकायला धडपडत होतो. राखणदार गुहेपाशी आला. माझी धडधड वाढली. आणि मग आलं, लांबलचक, खणखणीत रेकणं! गाढव सापडलं होतं. भाची दार उघडून आली आणि तिने माझ्या पेटीलाच मिठी मारली.

ऑपरेशन नीट पार पडलं. मावशी बऱ्या झाल्या, पण आवाज जाडाभरडा झाला. त्या माईकसमोर बसेनात. "आता माझ्याकडून बेडकाचंच काम होईल," म्हणायच्या आणि हसायच्या. डोळे मात्र हसत नव्हते.

एक दिवस शाळेतून मुलांनी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेला निरोप आला. आधी सगळा वर्ग गाढवासारखा ओरडला. मग एक मुलगी म्हणाली, "मावशी, सुरुवातीच्या भागांत दीपगृहापाशी वारा वाहायचा ना, तो आम्हाला फार आवडायचा. पुढे तो का थांबला?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग अजून स्वयंपाकघरातच बसलेल्या माझ्याकडे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी घरघर करत असेल. त्याच्या जाळीवरची धूळ पुसा, श्वास घ्यायला जागा ठेवा, आणि गप्प करण्याआधी तो कशासाठी ओरडतोय ते एकदा विचारा. मला मावशींनी तेव्हा विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी त्या उठल्या, स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि माईक जवळ ओढून आपल्या नव्या आवाजात भाचीला म्हणाल्या, "वादळाची गोष्ट काढ. आता आम्ही दोघं वाचतो."