वाढलेलं वजन आणि आटलेला दंड

सभागृहात तीळ ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठाच्या मधोमध एक मोठा वजनकाटा होता, गोदामात पोती मोजायला असतो तसला. त्याची तबकडी ताटापेक्षा मोठी होती, म्हणजे मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही आकडा दिसावा. काट्याशेजारी पांढऱ्या झग्यात महाराज उभे. लोक त्यांना काटेमहाराज म्हणत.

"मरण म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं, "मरण म्हणजे गळती. देहातून तेज गळतं आणि माणूस हलका होत जातो. डॉक्टर काय करतात? गळती मोजतात. आम्ही गळतीला बूच मारतो."

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सिस्टरांना वाटलं, हे प्रवचन आहे की नळदुरुस्तीची जाहिरात?

मग चाकाच्या खुर्चीतून टेलरमास्तर आले. पोटाच्या कर्करोगाने वाळून गेलेला हा माणूस महिन्यापूर्वी शेहेचाळीस किलोंवर आला होता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. दोघांनी धरून त्यांना काट्यावर उभं केलं. काटा थरथरला आणि त्रेपन्नवर थांबला.

सभागृहातून एक मोठा श्वास उमटला. मास्तरांची लेक हात जोडून रडायला लागली.

"चार रविवारांत सात किलो," महाराज म्हणाले. "आता त्या केंद्राच्या बायांना सांगा, तुमचे मरणाचे कागद फाडा म्हणावं."

त्या बायांपैकी एक मागे उभीच होती. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारं ते केंद्र. सिस्टर तिथे अठरा वर्षं होत्या. दर पंधरवड्याला प्रत्येक रुग्णाचा एक तक्ता भरायचा. वजन किती, दंडाचा घेर किती, पायावर सूज आहे का, किती खातो, दिवसातले किती तास अंथरुणात, स्वतःच्या हाताने काय काय करतो. त्या तक्त्यावरून डॉक्टर ठरवायचे, की हा माणूस अजून केंद्राच्या सेवेला पात्र आहे की नाही. तब्येत खरोखर सुधारली तर सेवा थांबायची आणि वाट बघणाऱ्याला जागा मिळायची.

नेमकं इथेच महाराजांचं फावलं होतं. ज्या केंद्राच्या यादीतून माणूस सहसा मेल्यावरच बाहेर पडतो, त्या यादीतून त्यांचे भक्त जिवंत बाहेर पडत. गेल्या चार महिन्यांत एक निवृत्त पोस्टमन आणि एक खाणावळवाली असे दोघे वजन वाढल्यामुळे सुटले होते. सभागृहाच्या दारावर दोघांचे फोटो होते, खाली लिहिलं होतं, 'मरणाच्या यादीतून मुक्त'. दोघेही नंतर महिन्याच्या आत वारले, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. सिस्टर दोन्ही घरी जाऊन आल्या होत्या. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, "आमचीच श्रद्धा कमी पडली."

दोन घरं आणि शब्दाला शब्द तोच. सिस्टरांच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

सोमवारी डॉक्टरांनी मास्तरांचा कागद पुढे ओढला. "वजन वाढलंय, भूक उत्तम, मास्तर गप्पा मारतात असं तुम्हीच लिहिलंय. लेकही म्हणते सेवा नको. अकरा जण वाट बघतायत, सिस्टर. आपण त्यांना सोडू या."

सिस्टरांनी तक्ता हातात घेतला आणि त्यांचे कान गरम झाले. दंडाचा घेर, वरीलप्रमाणे. सूज, वरीलप्रमाणे. दोन पंधरवडे लागोपाठ, आणि अक्षर त्यांचंच. मास्तर हसून बोलत होते, लेक घाईत होती, पायात मोजे होते, आणि आपण न मोजताच लिहून मोकळे झालो. नव्या पोरींना याच शब्दावरून त्या फैलावर घेत असत.

"मी यात खोटं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे मोजलंच नाही. मला एकदा जाऊन येऊ द्या."

दुपारी त्या मास्तरांच्या घरी पोचल्या तेव्हा लेक फोनवर बोलत होती. "काका, घाई नका करू. अप्पांना उतार पडतोय. सुट्ट्या लागल्या की निवांत या." मास्तरांचा धाकटा भाऊ दूर राहत होता आणि दोघांमध्ये काही वर्षं अबोला होता, एवढं सिस्टरांना माहीत होतं.

लेक शाळेत गणित शिकवायची. तिने भिंतीवर आलेख लावला होता. शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास, त्रेपन्न. "मी काही भोळीभाबडी नाही, सिस्टर," ती म्हणाली. "मी अंगाऱ्याला भुलले नाही. आकड्यांवर विश्वास ठेवला. आकडे खोटं बोलतात का?"

"नाही बोलत. पण एकटा आकडा अर्धंच बोलतो," सिस्टर म्हणाल्या. "मास्तर, दंड बघू."

पिशवी चाचपली तर टेप नव्हती. मास्तरांनी उशीखालून स्वतःची काढून दिली. मऊ पडलेली, कडा पिवळ्या झालेल्या. सिस्टरांनी ती दंडाला गुंडाळली, पण आकडा वाचला मास्तरांनीच. सवयच ती.

"एकवीस सेंटिमीटर."

"महिन्यापूर्वी चोवीस होता."

टेप मास्तरांनी हातातच धरून ठेवली. "सिस्टर, चाळीस वर्षं मी मापं घेतली. माणसाचं अंग भरलं की आधी बाही दाटते. सात किलो वाढले आणि बाही सैल झाली, असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. मग हे सात किलो आहेत कुठे?"

"मोजे काढू?"

"नको," लेक मध्ये आली. "महाराज म्हणालेत, एकवीस दिवस काढायचे नाहीत. पायातून तेज गळतं."

"उकाड्यात गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे, आणि ते घरच्या माणसांनीही काढायचे नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "बाई गं, तू गणितवाली. ही अट कुणाच्या सोयीची आहे, ते तूच सांग."

मास्तरांनीच वाकून मोजा खाली ढकलला. पाय खांबासारखा सुजला होता, कातडी ताणून चकचकीत झाली होती. सिस्टरांनी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा पडला. तिघंही बघत राहिले. खड्डा भरून यायचं नाव घेईना.

"हे पाणी आहे," सिस्टर म्हणाल्या. "पायात आणि पोटात साठलेलं. चेहरा भरलाय म्हणता, ती सूज आहे. आतलं मांस झडतच चाललंय."

मास्तर कोरडं हसले. "म्हणजे कापड आटलं आणि अस्तर फुगलं. मला वाटतच होतं, कुठेतरी पाणी मुरतंय."

"आणि दुखणं?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. महाराजांनी दुखणं शमवणारं मॉर्फिन बंद करायला लावलं होतं. झोपेच्या औषधाने तेज सुस्तावतं म्हणे. "दुखतं," मास्तर म्हणाले. "दातावर दात दाबून पडतो. पण पोरगी खूश होती. तिचा आलेख कशाला मोडायचा?"

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिच्या हातात महाराजांच्या चूर्णाच्या पुड्या होत्या. तिने त्या सिस्टरांच्या हातात दिल्या आणि भिंतीवरचा कागद काढून घडी घातली.

पुड्या औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेल्या. डॉक्टरांनी पाठपुरावा केला म्हणून शनिवारी अहवाल आला. चूर्णात सुंठ होती, भरपूर मीठ होतं आणि बारीक कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. या गोळ्यांनी भूक लागते, चार दिवस तरतरी येते, चेहरा गोल होतो. त्यात मीठ मिसळलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि काटा वर चढतो. दंड मात्र आणखी आटतो. हेच औषध डॉक्टरही देतात, पण मोजून, कारणासाठी आणि सांगून. एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांनी मास्तरांना ते हळूहळू उतरवत न्यायला सांगितलं आणि मॉर्फिन तर सोमवारीच पुन्हा सुरू केलं होतं.

रविवारी मास्तर हट्टाने सभागृहात गेले. सोबत लेक, सिस्टर आणि साध्या कपड्यांतले औषध निरीक्षक. काट्यावर उभं करण्याआधीच मास्तरांनी हात वर केला.

"महाराज, आज माझं मापही घ्या. टेप मी आणलीय."

"देहाचं माप क्षुद्र असतं, बाळ," महाराज म्हणाले.

"मग काटा कशाला मांडलाय?" मास्तरांनी शांतपणे विचारलं.

पुढच्या दोन रांगा हसल्या. मास्तरांनी मोजा काढला आणि पाय पुढे केला. लेकीने नडगीवर अंगठा दाबला. वर्गात बोलते त्या आवाजात ती म्हणाली, "हा खड्डा बघा. हे पाणी आहे. तुमच्या माणसांचे मोजे काढा आणि तुम्हीही दाबून बघा."

"थांबा," महाराज म्हणाले, "ते साठलेलं अमृत आहे. दाबाल तर..."

पण एका बाईने तोवर आईचा मोजा उतरवलाही होता. तिने दाबलं, पाहिलं आणि शेजारणीला बोलावून दाखवलं. मग पलीकडच्या खुर्चीतला पाय, मग त्यापलीकडचा. सभागृहात कुणी ओरडलं नाही. नुसते मोजे उतरत होते. अमृताचं बोलता बोलता महाराज मागच्या दाराकडे सरकले, तर तिथे निरीक्षक पुड्यांचं खोकं उघडून बसले होते.

खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे.

सिस्टरांनी मास्तरांचा तक्ता पुन्हा भरला, प्रत्येक रकाना मोजून. मास्तर सेवेला पात्र होते, दुर्दैवाने पुरेपूर पात्र होते. लेकीने काकांना फोन केला आणि या वेळी खरं सांगितलं. भाऊ तिसऱ्या दिवशी हजर झाला. दोघं दुपारभर खिडकीशी बसून होते. काय बोलले ते कुणी विचारलं नाही. पाच आठवड्यांनी मास्तर गेले, भावाचा हात हातात असताना, न कण्हता.

त्यानंतर लेक त्या सभागृहात येणाऱ्यांच्या घरी एकेक करून फिरली. कुणी दार उघडलं, कुणी नाही. जिथे उघडलं तिथे ती एवढंच सांगायची, "मला आशा हवी होती, म्हणून मी एकच आकडा बघितला. चूक तिथे झाली. कुणी तुमच्या माणसाला बरं केलं म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा. काय मोजलं? काय मोजू दिलं नाही? आणि आधी बरे झालेले आज कुठे आहेत? विचारल्याने खरं औषध बिघडत नाही. आणि विचारू नका असं जो सांगतो, त्याच्या हातात आपलं आजारी माणूस देऊ नका."