मनगटावरच्या पट्ट्याची शंका

मी बोलतोय ते भोरच्या एका दवाखान्यातल्या बंद ड्रॉवरमधून. मनगटी पट्टा मी. घड्याळासारखा दिसतो, पण वेळ दाखवत नाही. हात कसा हलला तेवढं मला कळतं, आणि त्यावरून नर्स कोणतं काम करतेय ते मी सांगतो. निदान तशी अपेक्षा आहे.

पुण्यात प्रांजल नावाच्या मुलीने मला शिकवलं. नर्सबाई इंजेक्शन द्यायच्या, सलाईन लावायच्या, बीपीचा फुगा दाबायच्या आणि प्रत्येक हालचालीला ती नाव द्यायची. तेवढीच नावं माझ्याकडे आहेत. त्यांच्याबाहेरचं काही घडलं, तरी त्यातलंच एक निवडावं लागतं. शंका माझ्या आत राहते. डॉक्टरांच्या संगणकाच्या पडद्यावर नुसतं नाव उमटतं.

मला रत्ना सिस्टरच्या हाताला बांधलं. त्या वेल्ह्याच्या बाजूच्या धनगरवस्तीवरून एसटीने यायच्या. नोकरी कराराची, आणि महिनाअखेरीला करार वाढायचा होता. पट्टा घरीही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांनी ते ऐकलं.

पहाटे घरी त्यांची बोटं आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची. वास, ऊब मला कळत नाही. मी चाचरतच नाव निवडलं : बीपी तपासणी.

डॉक्टर आनंदरावांनी त्यांना बोलावून पडदा दाखवला. घरी बसून पट्टा हलवून कामं वाढवता का, असं विचारलं.

"सर, ती शेरडांची धार हाय," रत्ना सिस्टर म्हणाल्या. "शेरडांचं बीपी बगून म्या काय करू?"

त्यांनी तिथंच हवेत धार काढून दाखवली. मी लगेच लिहिलं : बीपी तपासणी. डॉक्टर पोट धरून हसले. मला वाटलं, सुटल्या. मग हसू आवरत ते म्हणाले, "म्हणजे तुमचं वॉर्डातलं बीपी तरी खरं कशावरून?" आणि रत्ना सिस्टरच्या नावावरच्या बीपीच्या सगळ्याच नोंदी पुसायला लावल्या.

महिनाअखेरीला पडद्यावर सर्वांत कमी काम त्यांचंच निघालं. करार वाढला नाही. मला परत करताना त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने नीट पुसलं.

"जा बाबा," म्हणाल्या, "तुला तरी कुटं कळतंय."

कळत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ते सांगायला माझ्याकडे नाव नव्हतं.

उद्या मला दुसऱ्या सिस्टरच्या हाताला बांधणार आहेत. पडदा बघणाऱ्यांनो, त्याआधी एवढं एक नाव मला शिकवा : माहीत नाही.